विरोध टिकायचा तर उठबस टिकली पाहिजे

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक कोणत्याही पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कुणाला कपबशी मिळते, कुणाला छत्री, कुणाला शिट्टी. कायद्याच्या लेखी तिथे पक्ष नाहीत, उमेदवार तेवढे आहेत. तरीही राज्यातलं सगळ्यात कडवं पक्षीय वैर बघायचं असेल तर मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही मोठ्या गावात जावं. परवापर्यंत एका बांधावर बसून तंबाखू मळणारी दोन माणसं एसटी स्टँडवर समोरासमोर येतात आणि एक जण मोबाइल काढून त्यात डोकं घालतो. चुलतभावाच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका येते, पण आणणारा घरात येत नाही. उंबऱ्यावरूनच पोराच्या हातात देऊन वळतो. मयतीला माणसं येतात, लांब लिंबाखाली उभी राहतात आणि खांदा न देता निघून जातात.

मी सांगली जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात राहतो. इथे हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की त्याबद्दल कुणी वाईटही वाटून घेत नाही. ‘राजकारण निवडणुकीपुरतं, नंतर आपण सगळे एक’ हे वाक्य प्रत्येक नव्या सरपंचाच्या सत्काराला ऐकू येतं आणि हार काढून ठेवले की संपतं. मला त्या गोडव्याची भलामण करायची नाही. उठबस तुटली की गोडवा जातो हे खरंच, पण त्याहून मोठं नुकसान होतं ते विरोधाचं. विरोधी गटात असण्याची किंमत सोयरीक, दूध, ऊस आणि कर्ज यांत मोजावी लागत असेल, तर त्या गावात थोड्याच वर्षांत विरोध करायला कुणी उरत नाही. उरतात ते सत्तेतले, आणि सत्तेची वाट बघत गप्प बसलेले. म्हणून गटा-गटांतलं जाणं-येणं, जेवण-खाण, सुखदुःखाला उभं राहणं हे लोकशाहीला लागणारं सामान आहे असं मी मानतो. ते नसेल तर पाच वर्षांनी येणारं मतदान नुसतं उरकलं जातं.

शहरातल्या वाचकाला हा गावाकडचा मानापमान वाटेल, म्हणून तपशिलात सांगतो. शहरात एकाच इमारतीतले दोन शेजारी पक्षावरून बोलेनासे झाले तर दोघांचेही पगार चालू राहतात. ते वेगळ्या ठिकाणाहून येतात. आमच्याकडे शेतकऱ्याचा पैसा मुख्यतः तीन दारांतून येतो. विकास सोसायटी, दूध संस्था आणि साखर कारखाना. बहुतेक ठिकाणी तिन्ही सहकारी, तिन्हींवर निवडून आलेलं संचालक मंडळ, आणि त्या मंडळाची माणसं गावातल्याच कुठल्या ना कुठल्या गटाची. खुलं सभासदत्व हे सहकाराचं पहिलं तत्त्व. कागदावर ते आजही आहे. पण ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या फाइलवर सही करताना संचालकाचा हात जड होतो, हे गावात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

दुधाचंच घ्या. सकाळी सहाच्या सुमाराला संकलन केंद्रापुढे किटल्यांची रांग लागते. माप होतं, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफचा (दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन भागाचा) आकडा चिठ्ठीवर उतरतो आणि त्यावर दर पडतो. गेल्या निवडणुकीनंतरच्या आठवड्यात माझ्यापुढे एक बाई उभी होती. तिचा दीर हरलेल्या पॅनेलकडून उभा होता. म्हैस तीच, वैरण तीच, पेंड तीच, आणि फॅट एकदम घसरलेली. तिने चिठ्ठी दोनदा वाचली, मशीनवरच्या पोराकडे पाहिलं. पोराने मान वर केली नाही. तिने चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली आणि रिकामी किटली घेऊन गेली. आकडा खरा होता की खोटा, हे ना तिला सिद्ध करता येणार होतं ना मला. पुढच्या आठवड्यापासून ती दुसऱ्या गटाच्या केंद्राला दूध घालायला लागली. एका गावात दोन-दोन दूध संस्था का असतात, असा प्रश्न सहकाराचे अभ्यासक विचारतात. याचं उत्तर बऱ्याचदा त्या रांगेत मिळतं.

उसाचं तर त्याहून अवघड. जुलै-ऑगस्टात केलेली आडसाली लागण तोडीला यायला सोळा-अठरा महिने लागतात. तोडीचा क्रम लागणीच्या नोंदीप्रमाणे लागायचा असतो, पण शिवारात तोडणीची टोळी कधी येणार हे प्रत्यक्षात चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, तोंडून कळतं. नाव यादीत चार ओळी मागे सरकलं तर कुणाकडे दाद मागायची? तोवर उसाला तुरा येतो, कांडं पोकळ पडतं, वजन घटतं, खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यावरचं पुढचं पीक, उशिरा धरावा लागतो. टोळीला खुशाली आणि गाडीवाल्याला एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे, सगळेच देतात. विरोधी गटाचा शेतकरी ती देऊनही थांबतो. सोसायटीत मार्चअखेरीला कर्जाचं नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं फेडून नवं उचलताना, कुणाची फाइल आधी आणि कुणाची नंतर, याचाही कुठे ठराव लिहिलेला नसतो. यातलं काहीच लेखी नसतं. म्हणून कुठल्याही कायद्याला ते सापडत नाही.

मग याला अडवतं काय? माझ्या पाहण्यात एकच गोष्ट अडवते, आणि ती म्हणजे भीड. भीड भिकेची बहीण म्हणतात. तिच्यापायी माणसं नको त्या कर्जाला जामीन राहतात हे मीही पाहिलंय. पण गरीब सभासदाचं एवढं एकच संरक्षण आहे. रविवारी ज्याच्या घरच्या बारशाला जेवून आलो, त्याचा ऊस सोमवारी मागे ढकलायला संचालकाला लाज वाटते. त्याची बायको विचारते, त्याची आई विचारते. उठबस बंद झाली की ही लाज संपते आणि समोरच्याचं नाव यादीतली नुसती एक ओळ होऊन जातं.

इथे कुणी म्हणेल, मतदान गुप्त असतं, मग भीती कशाची? गावात मतदान गुप्त नसतं. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात, एकेका प्रभागात काहीशे मतदार. मोजणी प्रभागवार होते आणि आकडा तिथल्या तिथे जाहीर होतो. एखादं पॅनेल चार मतांनी पडलं की रात्री मतदारयादी घेऊन बैठक बसते. हे घर आपलं, हे त्यांचं, हे फुटलं. फुटल्याचा संशय कुणावर येतो? जो निवडणुकीच्या महिन्यात समोरच्या गटाच्या माणसाबरोबर चहा पिताना दिसला त्याच्यावर. त्यामुळे अर्ज भरायच्या आधीपासूनच माणसं एकमेकांपासून लांब राहायला लागतात. त्यामागे प्रत्येक वेळी द्वेष नसतो. अनेकदा ती नुसती सावधगिरी असते. पण महिनाभराची सावधगिरी हळूहळू सवय होते, आणि पोरं तर ती वैर म्हणूनच शिकतात.

यावर उपाय सुचवलेला आहे. वेगवेगळ्या केंद्रांवरची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं, म्हणजे कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते कळणार नाही, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने तो मानला नाही. तो प्रस्ताव लोकसभा-विधानसभेपुरता होता, पण त्यामागचा विचार गावाला सगळ्यात जास्त लागू पडतो. प्रभागातल्या सदस्यांची मतं एकत्र करता येणार नाहीत, हे मान्य. पण सरपंच आता थेट निवडला जातो. ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. सरपंचाला अख्खं गाव मत देतं. मग त्याची मोजणी प्रभागवार उघडी करायची गरज काय? गावाचा एकच आकडा जाहीर केला तर रात्रीच्या त्या बैठकांचा अर्धा आधार जाईल.

आता बायकांविषयी. या विषयावर बोलणारे पुरुष बहुतेक त्यांना विसरतात. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत, आणि ते योग्यच झालं. पण गटांचे पुढारी उमेदवार निवडताना हिशेब असा करतात की समोरच्या घराची मतं फोडायची तर त्याच भावकीतली सून उभी करायची. जाऊ विरुद्ध जाऊ, नणंद विरुद्ध भावजय. एका परड्यात धुणं वाळत घालणाऱ्या दोघींची नावं एका मतपत्रिकेवर येतात. निवडणूक संपल्यावर पुरुष सहा महिन्यांनी ढाब्यावर एकत्र बसतात, त्यांची कामं असतात. बायकांना तशी जागा नसते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या बोलावण्यातून नाव गळलं की ते वर्षानुवर्षं गळतं. बचत गटातल्या दहा-बारा जणींपैकी चौघींच्या घरून ‘त्या घरात बैठकीला जायचं नाही’ असा हुकूम सुटतो, आणि बँकेचे हप्ते नीट फेडणारा, नावाजलेला गट कोलमडतो. त्यांच्यात भांडण झालेलं नसतंच. विहिरीवर भेटल्या तर त्या अजून हळूच बोलतात. तोडायचं घरच्या पुरुषांनी ठरवलेलं असतं, आणि किंमत त्या भरतात. सासरच्या गावात माहेर नसलेल्या बाईला शेजारीण तुटणं काय असतं हे ज्यांना कळत नाही, त्यांनी गटाचं पुढारपण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं ज्यांच्या नावाने चालतं ते वरचे नेते कसे वागतात, हेही बघू. ऑक्टोबर २०१९ मध्ये विधानसभेला भाजप-शिवसेना एका बाजूला आणि काँग्रेस-राष्ट्रवादी दुसऱ्या बाजूला लढले. २३ नोव्हेंबरला पहाटे देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीने मुख्यमंत्री झाले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली आणि तिचा एक गट शिंदे-भाजप सरकारात गेला. चार वर्षांत जवळपास प्रत्येक जण प्रत्येकाबरोबर बसून झाला. या काळात आमच्या भागात कितीतरी घरं आधी ‘यांच्या’ आणि ‘त्यांच्या’त वाटली गेली, आणि मग एका सकाळी उठून पाहतात तो दोघांचे नेते एका व्यासपीठावर. नेत्यांनी हात मिळवले, पण २०१९ ला बंद झालेलं गावातलं बोलणं बंदच राहिलं, कारण ते सुरू करायला कुणी कुणाच्या दारात जायचं हे ठरत नाही.

नेत्यांनी संबंध ठेवले म्हणून मी त्यांना दोष देत नाही. उलट ते त्यांच्याकडून शिकावं. बाळासाहेब ठाकरे आणि शरद पवार यांनी सभांमधून एकमेकांना काय काय म्हटलं ते महाराष्ट्राला पाठ आहे. तरी २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेने त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही. विलासराव देशमुख आणि गोपीनाथ मुंडे आयुष्यभर समोरासमोरच्या पक्षांत राहिले आणि त्यांची मैत्री कुणापासून लपली नाही. नगर जिल्ह्यात सोयऱ्या-धायऱ्यांचं राजकारण इतकं पक्कं, की लोक त्याला ‘सोधा पक्ष’च म्हणतात. मोठ्या घरांना ठाऊक आहे की सत्ता येते-जाते आणि सोयरीक कामाला येते. माझा राग या गोष्टीवर आहे, की हे शहाणपण ते स्वतःपुरतं ठेवतात. कार्यकर्त्याला ते ‘निष्ठा’ शिकवतात. समोरच्याच्या लग्नाला गेलेल्या पोराचा फोटो कुणीतरी स्टेटसला टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला तालुक्याला बोलावून जाब विचारला जातो. जाब विचारणारा त्याच लग्नात आदल्या रात्री आशीर्वाद देऊन आलेला असतो.

इथेच लोकांचा सगळ्यात मोठा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, तुम्ही उठबस म्हणता, आम्ही त्याला सेटिंग म्हणतो. दोन गटांचे पुढारी गोड झाले की ठेके वाटून घेतात आणि गावाला कुणी वाली राहत नाही. हे होतं, नाकारण्यात अर्थ नाही. त्याचं टोक म्हणजे लिलाव. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती. त्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाची जाहीर बोली लागल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. उमराण्याची बोली २ कोटींच्या वर गेली होती आणि पैसा देवळासाठी होता. गावाच्या एकीसाठी, असंही सांगितलं गेलं. याच काळात काही आमदारांनी बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावांना लाखांचा निधी जाहीर केला होता. मला हे मान्य नाही. निधी हा गावाचा हक्क आहे, तो गप्प बसण्याचं बक्षीस कसा होईल?

बिनविरोध आणि सलोखा यांची आपण गल्लत करतो. हिवरे बाजारचं उदाहरण सगळे देतात: पोपटराव पवार, पाण्याचा ताळेबंद, तीस वर्षं बिनविरोध ग्रामपंचायत. पण त्याच हिवरे बाजारला जानेवारी २०२१ मध्ये निवडणूक लागली, लोकांनी मतदान केलं आणि पोपटरावांचं पॅनेल निवडून आलं. काही जणांनी तेव्हा हळहळ केली की आदर्श गावाला दृष्ट लागली. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही. समोर उभं राहावंसं कुणाला वाटलं आणि त्याला उभं राहता आलं, हे गावाच्या प्रकृतीचंच लक्षण आहे. उठबस खरी की सेटिंग, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. रात्री ज्याच्या पंगतीला जेवलात, त्याला दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब विचारता का? विचारत असाल तर जेवण चोख आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. पक्षभेद म्हणजे प्रत्येक वेळी कपबशी विरुद्ध छत्री असा नसतो. ज्याचा पक्ष माझ्या जातीला, माझ्या धर्माला या गावात उपरं म्हणतो, त्याच्या घरी मी का जेवावं? आणि मुळात ज्या ‘गावच्या एकी’च्या आठवणी काढल्या जातात, तिच्यात बौद्धवाड्याची पंगत कधी होती? हा प्रश्न विचारणाऱ्याला संयम शिकवायचा मला अधिकार नाही, कुणालाच नाही. १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यावर दलित वस्त्या जाळायला जे चालून गेले, ते कुठल्या एकाच पक्षाचे नव्हते. तिथे पक्षापलीकडची एकी होती, आणि ती वस्तीच्या विरोधात होती. कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यात, गावकीने एकमताने घरं वाळीत टाकल्याची प्रकरणं वर्षानुवर्षं येत राहिली. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने लढा दिला. त्यानंतर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळात २०१६ मध्ये मंजूर झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

म्हणून मी इथे एक फरक करतो. संख्येने मोठ्या आणि जमीनजुमला असलेल्या बाजूने बोलणं तोडणं म्हणजे बहिष्कार. अपमान झालेल्याने त्या घरी जायचं नाकारणं हा त्याचा स्वाभिमान. दोन्हींना एका मापाने मोजून ‘सगळ्यांनीच मोठं मन करावं’ असं म्हणणं हा अन्याय आहे. दार उघडण्याची जबाबदारी आधी ज्याने लावलं त्याची, आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याची. पण आमच्या भागातल्या शंभर तुटलेल्या संबंधांपैकी बहुतेक या प्रकारातले नाहीतच. ते एका जातीतल्या, एका भावकीतल्या, सारख्याच एकरांच्या, एकाच पंढरीच्या वाटेने जाणाऱ्या घरांमधले आहेत. त्यांच्यात विचारांचं अंतर शोधून सापडत नाही. सापडते ती गेल्या वेळची चार मतं, आणि हरलेल्याच्या दारापुढे थांबवलेली गुलालाची मिरवणूक.

त्या मिरवणुकीविषयी बोललंच पाहिजे, कारण इतर सगळ्या कारणांपेक्षा जास्त संबंध तिने तोडलेत. जिंकल्याचा आनंद कुणी करू नये असं नाही. पण डीजेची गाडी मुद्दाम वळवून हरलेल्याच्या दारात उभी करायची, फटाक्यांची माळ त्याच्या पायरीवर लावायची, आत म्हातारी आजारी आहे हे ठाऊक असताना आवाज वाढवायचा, हा आनंद कसला? पाच वर्षांच्या कारभारात विसरली जाणारी हार त्या दहा मिनिटांनी कायमची कोरली जाते. मी अशी दोन घरं ओळखतो ज्यांची जमीन, पाणी, देवघर सगळं सामाईक होतं. वाटण्या होऊनही बोलणं राहिलं होतं. ते तुटलं गुलालाच्या दिवशी.

आमच्याच मातीत याच्या उलट घडलेलं आहे, आणि ते फार जुनं नाही. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात याच शिवारातून भूमिगत लढलेली माणसं स्वातंत्र्यानंतर एका पक्षात राहिली नाहीत. वसंतदादा पाटील काँग्रेसमध्ये, नागनाथअण्णा नायकवडी आणि जी. डी. बापू लाड शेतकरी कामगार पक्षात, क्रांतिसिंह नाना पाटील शेकापमधून पुढे कम्युनिस्ट पक्षात. एकमेकांच्या विरोधात त्यांनी निवडणुका लढवल्या, सभा गाजवल्या. आणि १९९३ मध्ये आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली तेव्हा नागनाथअण्णा, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर एका मांडवात बसले. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या १३ तालुक्यांतला शेतकरी तिथे आला, आणि ज्याने-त्याने आपापल्या पक्षाचं मत घरी ठेवून यावं अशी अट नव्हती. समन्यायी पाणीवाटपाची मागणी त्या मांडवातून पुढे गेली आणि आटपाडीत टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी बंद नळातून सगळ्यांना सारखं देण्यापर्यंत पोचली. गणपतराव ११ वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधी बाकावर बसले, आणि सत्ताधाऱ्यांशी त्यांचा वाद पाण्यावरून, पिकावरून कायम चालू राहिला. विरोध आयुष्यभर करायचा तर माणसं धरून ठेवावी लागतात, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

गावात हे करायला मोठं काही लागत नाही, पण आपोआप होतही नाही. ग्रामसभेचंच बघा. वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तेवढी माणसं पुरतात. तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून दहा-पंधरा जणांत ठराव होऊन जातात. विरोधी गट सभेलाच येत नाही, कारण समोरासमोर बसायची सवय गेलेली असते. मग तो तालुक्याला तक्रारी करतो, माहिती अधिकारात अर्ज टाकतो, व्हॉट्सअॅपवर लिहितो, आणि प्रत्येक अर्जागणिक वैर वाढतं. जो प्रश्न चावडीवर तोंडावर विचारला असता तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं, किंवा उत्तर नसल्याचं सगळ्यांना दिसलं असतं, तो दोन वर्षं कागदांवर फिरतो.

येत्या ग्रामसभेपुढे मी लेखी विषय देणार आहे. निकालाची मिरवणूक ठरलेल्या रस्त्यानेच जावी आणि कुणाच्या दारात थांबू नये. दूध केंद्रावर फॅटची शंका आल्यास नमुना उत्पादकासमोर पुन्हा लावावा, आणि त्या वेळी दोन्ही गटांचा एकेक माणूस हजर असावा; संस्थेने तसा ठराव करावा अशी विनंती सभेने करावी. उसाच्या तोडीची नोंदीप्रमाणे यादी कारखान्याकडून मागवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आणि सरपंचाच्या मतांचा आकडा गावाचा एकच जाहीर व्हावा, अशी मागणी राज्य निवडणूक आयोगाला पाठवावी. यावर दोन्ही गटांच्या दोघा-दोघांच्या सह्या मला हव्या आहेत. एका गटाच्या सह्या मिळाल्यात. दुसऱ्या गटातला एक जण म्हणाला, आधी घरी या, चहा घ्या, मग बघू. येत्या गुरुवारी बाजारावरून परतताना जाणार आहे.